स्ट्राँग बिअरची पारख

नाशिकमध्ये शिराझच्या बाटलीवर साडेतेरा टक्के अल्कोहोल छापलेलं असतं, पण त्या वाइनला कुणी ‘स्ट्राँग’ म्हणत नाही. तिचा रंग, तिचा वास, तिचा तुरटपणा, ती मटणाबरोबर जाईल की नाही, यावर बोलणं होतं. बिअर मागवायची वेळ आली की प्रश्न एकच उरतो : माइल्ड की स्ट्राँग? वाइनपेक्षा पाच-साडेपाच टक्क्यांनी सौम्य असलेल्या पेयाची सगळी ओळख त्या एका आकड्यात संपते. बेल्जियन पद्धतीच्या जोरकस एलला, म्हणजे उबेत आंबवलेल्या बिअरला, हे माप लावलं तर तिच्यावर अन्यायच होतो. या बिअरची परीक्षा उलट्या बाजूने करावी लागते. अल्कोहोल किती आहे हे बाजूला ठेवून, आहे ते किती मुरलं आहे, हे पाहावं लागतं. बाटलीवरचा आकडा वाचल्याशिवाय तो जिभेला कळू नये, हीच या बिअरची खरी कसोटी आहे. ही कसोटी शिकायला महाराष्ट्रात नाशिकइतकी तयार जमीन दुसरी नाही, असं माझं ठाम मत आहे.

आकड्याची ही सवय काही लोकांच्या जिभेत जन्मतः नव्हती. भारतीय अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या मानकांनुसार पाच टक्क्यांपर्यंतची बिअर माइल्ड आणि पाचाच्या वर आठपर्यंतची स्ट्राँग. आपल्याकडे बिअर महाग आणि करांचा बोजा मोठा, त्यामुळे ग्राहक पैशाला किती नशा मिळते याचा हिशेब करतो आणि स्ट्राँगची बाटली उचलतो. आता बेल्जियमकडे पाहा. १९१९ साली तिथे मंत्री एमिल व्हांडरवेल्ड यांच्या नावाने ओळखला जाणारा कायदा आला आणि सार्वजनिक मद्यगृहांत कडक दारू, म्हणजे जिन वगैरे, देण्यावर बंदी आली. ती थेट १९८३ पर्यंत टिकली. जोरदार पेयाची तहान भागवायला लोक बिअरकडे वळले आणि तिथल्या जोरकस बिअरच्या भरभराटीमागे हे एक मोठं कारण होतं, असं अभ्यासक मानतात. म्हणजे मागणी दोन्हीकडे तीच होती. पण बेल्जियममध्ये वेस्टमाल मठाच्या साधूंनी १९३४ मध्ये बाजारात आणलेली आणि १९५६ मध्ये कृती सुधारून पक्की केलेली साडेनऊ टक्क्यांची ‘ट्रिपल’ आजही नमुना म्हणून पुढे ठेवली जाते, तर आपल्याकडची बहुतेक स्ट्राँग बिअर बर्फासारखी थंड केल्याशिवाय घशाखाली उतरत नाही. एकाच मागणीतून इतकी वेगळी पेयं का निघाली, हे समजलं की पारख कशाची करायची तेही समजतं.

पहिला संशय साखरेवर जातो. स्ट्राँग बिअरमध्ये साखर घालतात म्हणून ती हलक्या दर्जाची, असं सर्रास बोललं जातं. पण ट्रिपलमध्येही साखर असतेच, आणि ती लपवून घातलेली नसते. निव्वळ माल्टवर, म्हणजे मोड आणून वाळवलेल्या जवावर, नऊ टक्क्यांपर्यंत जायचं तर बिअर दाट आणि जड होते. साखर जवळपास पूर्ण आंबते, मागे गोडवा ठेवत नाही, त्यामुळे अंग हलकं राहतं आणि शेवट कोरडा होतो. तेव्हा दोष साखरेचा नाही. फरक पडतो तो यीस्टमुळे आणि त्याला दिलेल्या वेळामुळे. लागर बिअर थंडीत आंबते आणि तिचं यीस्ट मुद्दाम अबोल निवडलेलं असतं. एल उबेत आंबते. बेल्जियन एलचं यीस्ट तर वीस अंशांच्या पुढे बोलकं होतं. ते इस्टर नावाची द्रव्यं तयार करतं, त्यांतून पिकलेल्या केळ्याचा, नासपतीचा वास येतो. फिनॉल तयार करतं, त्यांतून लवंग आणि मिरीची आठवण येते. बिअरमध्ये लवंग घातलेली नसते, तो वास यीस्टचा असतो. पण हेच यीस्ट सुरुवातीलाच फार गरम झालं, किंवा त्याच्यावर एकदम जास्त साखरेचा भार पडला, तर ते फ्युझेल नावाची जड अल्कोहोल सोडतं. नाकात स्पिरिटसारखा झणका आणि घशात जळजळ ही त्यांची खूण. नशा चढते म्हणून ज्या बिअरचं कौतुक होतं, तिच्यात पुष्कळदा कौतुक या दोषाचंच चाललेलं असतं. उत्तम बेल्जियन एल पुढे बाटलीत थोड्या यीस्टवर आणि साखरेवर पुन्हा आंबवली जाते, आठवडेच्या आठवडे उबदार खोलीत ठेवली जाते, आणि त्यातूनच तिचा बारीक बुडबुड्यांचा जोम येतो. घाईत हे होत नाही, आणि घाई चव घेताना लपत नाही.

आता पेल्यात काय पाहायचं? ट्रिपल घेऊ. पेला रुंद पोटाचा आणि थोडा आत वळलेल्या कडांचा असावा. बिअर आठ ते बारा अंश सेल्सिअसला असावी. फ्रीजरमधून काढलेली बाटली चालत नाही, कारण गोठवणाऱ्या थंडीत सुवासही दबतो आणि दोषही दबतो. आपल्याकडे स्ट्राँग बिअर ‘एकदम चिल्ड’ मागतात, त्यात ही झाकपाक आहे. ओतल्यावर गडद सोनेरी रंगावर पांढरा दाट फेस उभा राहतो. तो बसताना काचेवर जाळी सोडत जातो. फेस लगेच विरला तर पेला तेलकट असेल किंवा बिअरमध्येच काही कमी असेल. मग पहिला श्वास. फेसातून लिंबाच्या सालीचा, मिरीचा, थोडा फुलांचा वास यायला हवा. लोण्याचा वास म्हणजे डायअसिटिल, म्हणजे यीस्टला काम पुरं करू दिलेलं नाही. ओल्या पुठ्ठ्याचा वास म्हणजे बिअरला हवा लागली आहे, जुनी झाली आहे. उन्हात ठेवलेल्या हिरव्या किंवा पारदर्शक बाटलीतून कुजकट वास आला तर तो हॉप्सवर, म्हणजे बिअरला कडवटपणा देणाऱ्या फुलांवर, प्रकाश पडल्याचा परिणाम, आणि त्याला काही मिनिटांचं कडक ऊनही पुरतं. नंतर छोटा घोट. आधी बुडबुडे जिभेवर पसरतात, मग माल्टची मधासारखी गोडी येते आणि जाते, मसाला उरतो, शेवटी कोरडा कडवटपणा. गिळल्यावर छातीत हलकी ऊब जाणवली तर ठीक, घसा चरचरला तर नापास. नाशिककराला हे समजायला अवघड जाऊ नये. मिसळीची परीक्षा तो तर्रीच्या तिखटपणावर करत नाही. तिखटामागून मटकीची आणि मसाल्याची चव येते का, हे तो पाहतो.

जगभर हौशी बिअर स्पर्धांमध्ये बीजेसीपी या १९८५ पासूनच्या परीक्षक संस्थेची गुणपत्रिका वापरतात. एकूण ५० गुण : वासाला १२, रूपाला ३, चवीला २०, तोंडातल्या स्पर्शाला ५ आणि एकंदर परिणामाला १०. त्यात ताकदीला वेगळा रकाना नाही. अल्कोहोल दिसतं ते वासात, चवीत किंवा स्पर्शात, आणि तिथे ते टोचलं तर गुण वाढण्याऐवजी कमी होतात. मला या पत्रिकेतलं सर्वांत शहाणपणाचं हेच वाटतं. रूपाला फक्त तीन गुण, हेही लक्षात घेण्यासारखं आहे. आपल्याकडे काचेसारखी स्वच्छ बिअर म्हणजे चांगली असा समज आहे, पण बाटलीत आंबवलेल्या एलच्या तळाशी यीस्टचा थर असतोच.

नाशिकचा संबंध इथे येतो. २००० साली सुला या इथल्या वाइनरीची पहिली वाइन बाजारात आली. २००१ मध्ये राज्य सरकारने द्राक्षप्रक्रिया उद्योगाचं धोरण आणलं. २००५ मध्ये गंगापूर धरणाजवळ सुलाने टेस्टिंग रूम उघडली. पुढे सोमा, यॉर्क, इगतपुरीकडे व्हॅलोने, दिंडोरीत शॅन्दाँ असे कितीतरी वाइन बनवणारे या भागात उभे राहिले आणि ‘नाशिक व्हॅली वाइन’ला भौगोलिक मानांकनही मिळालं. कायद्याने चव घडते, हे बेल्जियममध्ये जसं दिसतं तसंच नाशिकमध्येही दिसतं. या काळात हजारो सामान्य माणसांनी पेला तिरका धरून रंग बघणं, फिरवून हुंगणं, घोट तोंडात घोळवणं शिकून घेतलं. वाइनचं हे शिक्षण बिअरला जसंच्या तसं लागू होत नाही. वाइनचा कणा आंबटपणा आणि टॅनिन, तर ट्रिपलचा कणा वायू आणि कोरडेपणा. त्यामुळे पेला जोरजोरात फिरवला तर बिअरचा जोम जातो. वाइनचे परीक्षक घोट थुंकतात, बिअरचे सहसा गिळतात, कारण कडवटपणा आणि ऊब गिळल्यानंतरच पूर्ण कळते. पण वास आधी, घोट नंतर, आणि मत सर्वांत शेवटी, हा क्रम तोच आहे, आणि तो या शहराच्या अंगवळणी पडलेला आहे.

यावर पहिला आक्षेप ठरलेला : चव ज्याची त्याची, त्यात परीक्षा कसली? आवड ज्याची त्याची हे खरंच आहे. कुणाला लवंगेचा वास आवडत नसेल तर त्याने ट्रिपल पिऊ नये. पण डायअसिटिल आहे की नाही, फ्युझेल आहे की नाही, हे आवडीवर ठरत नाही, ते प्रयोगशाळेत मोजता येतं आणि सरावलेल्या नाकालाही सापडतं. म्हणून तर स्पर्धेत नावं झाकून पेले ठेवतात आणि परीक्षक आधी स्वतंत्रपणे गुण लिहितात, मग बोलतात.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. बेल्जियन साधूंचं माप नाशिकला कशाला, आणि आठ टक्क्यांच्या कायद्यात ही बिअर इथे बनणार तरी कशी? बेल्जियमची डुव्हेल साडेआठ टक्क्यांची, तिथलीच रोशफोर १० ही ११.३ टक्क्यांची, म्हणजे दोन्ही आपल्या व्याख्येबाहेरच्या. मात्र ट्रिपलची पट्टी साडेसातपासून सुरू होते आणि तपकिरी ‘डबल’ सहा ते साधारण साडेसातपर्यंत असते. म्हणजे आठाच्या आत पुरेशी जागा आहे. अर्थात आपल्याकडे बेल्जियन म्हणून लोकांना माहीत झाली ती मुख्यतः गव्हाची हलकी बिअर. बिरा ९१ या भारतीय ब्रँडची सुरुवात २०१५ मध्ये बेल्जियममध्ये बनवून आणलेल्या बिअरनेच झाली होती. पुण्यात २००९ मध्ये डूलालीने देशातल्या सुरुवातीच्या मायक्रोब्रुअरींपैकी एक काढली, तेव्हापासून स्थानिक बिअरला वाट मिळाली आहे. राहिला परकेपणाचा प्रश्न. शेनिन ब्लाँ आणि शिराझही फ्रान्समधलेच वाण आहेत, आणि नाशिकने ते आपल्या मातीत आणि जानेवारी ते मार्चच्या आपल्या हंगामात बसवून घेतले. इथेच सेराना मीड्ससारखा उद्योग मधापासून मीड बनवतो. उद्या कुणी बेल्जियन साखरेऐवजी कोल्हापुरी गूळ घालून डबल केली, तर तिला नियमभंग म्हणून बाद करू नये. गुळाचा खारट-करपट सूर माल्टच्या मनुकेदार चवीत मिसळला की वर तरंगत राहिला, एवढंच पाहावं.

आणि शेवटचा आक्षेप, जो टाळून चालणार नाही : असं लिहिणं म्हणजे दारूची भलामण. महाराष्ट्रात आजही १९४९ चा दारूबंदी कायदा लागू आहे आणि पिण्यासाठी परवाना लागतो. दारूने संसार मोडतात हेही कुणी नाकारू नये. पण हिशेब करून पाहा. आठ टक्क्यांच्या ६५० मिलीलिटर बाटलीत ५२ मिलीलिटर शुद्ध अल्कोहोल असतं. साडेनऊ टक्क्यांच्या ३३० मिलीलिटर ट्रिपलमध्ये सुमारे ३१, आणि साडेतेरा टक्के वाइनच्या १५० मिलीलिटर ग्लासात सुमारे २०. आकडा पाहून पिणारा मोठी बाटली घेतो. चव पाहून पिणाऱ्याला ६० मिलीलिटरचा पेला पुरतो, कारण चौथ्या घोटानंतर नाकाला नवीन काही सांगण्यासारखं फारसं उरत नाही. पारख माणसाला संयमी करतेच असा माझा दावा नाही, पण नशेसाठी पिणं आणि चवीसाठी पिणं यांचं प्रमाण वेगळं असतं, एवढं या हिशेबातून नक्की दिसतं.

म्हणून नाशिकमधल्या आणि आसपासच्या बिअर बनवणाऱ्यांना आणि विकणाऱ्यांना माझी विनंती आहे. मेनूवर टक्क्यांच्या शेजारी बिअरचा प्रकार आणि ती भरल्याची तारीख लिहा, छोटा पेला द्या, आणि वर्षातून एकदा तरी नावं झाकून चव घ्यायला लोकांना बोलवा. आणि वाचकहो, अशी संधी मिळाली तर आधी हुंगा, लेबल शेवटी वाचा, आणि परतताना गाडी दुसऱ्याला चालवू द्या. मोटार वाहन कायद्याची मर्यादा १०० मिलीलिटर रक्तात ३० मिलिग्रॅम आहे, आणि ती ट्रिपलला वेगळी सवलत देत नाही.