शेवटचा 'फॉर' गाळू नका

हरिहरेश्वरजवळच्या बागमांडला जेट्टीवर आपण म्हणतो, 'ज्या बोटीची वाट पाहिली, ती आली.' उर्दूत, 'जिस कश्ती का इंतजार किया.' 'ची' आणि 'का' नामासोबतच राहतात. इंग्रजीत नाम सुरुवातीला जातं, प्रिपोझिशन मात्र क्रियापदामागेच थांबतं: 'द बोट वी वेटेड फॉर.' आम्ही शिकवतो ती मुलं हा 'फॉर' हमखास गाळतात. पुढे आखातातल्या नोकरीच्या अर्जात 'द कंपनी आय वर्क्ड' लिहिलं, की वाक्य अर्धवटच. उपाय सोपा आहे. आधी साधं वाक्य करा: 'आय वर्क्ड फॉर द कंपनी.' मग 'द कंपनी' उचलून सुरुवातीला न्या, 'फॉर' जागेवर ठेवा: 'द कंपनी आय वर्क्ड फॉर.' पालकहो, मुलांकडून रोज अशी दोन वाक्यं करून घ्या.