बटण सोडण्याआधी स्क्रीन काय सांगते?

गेल्या महिन्यात आमच्या ग्रामसंघाच्या कार्यालयात मोठा गोंधळ झाला. दुसऱ्या दिवशी मासिक सभा, आणि संगणकावरची कर्जवाटपाची फाइल सापडेना. सगळ्यांच्या नजरा सचिवताईंकडे वळल्या. "मी काही पुसलं नाही हो," म्हणताना ताईंचा आवाज भरून आला. तासाभराने फाइल सापडली, फोटोंच्या फोल्डरमध्ये. माउसने ओढताना बटण मध्येच सुटलं होतं.

फाइल अशी ओढून दुसरीकडे सोडायची, याला 'ड्रॅग अँड ड्रॉप' म्हणतात. घरात आपण धान्याचा डबा फळीवर ठेवतो, तेव्हा हाताला वजन कळतं, डबा टेकला हेही कळतं. स्क्रीनवर हाताला यातलं काहीच कळत नाही. म्हणून ते डोळ्यांना दाखवावं लागतं. १९८४ साली आलेल्या ॲपलच्या मॅकिंटॉश संगणकावरही ही सोय होती. फाइल ओढत कचऱ्याच्या डब्यावर नेली की त्या डब्याचं चित्र काळं व्हायचं. म्हणजे, आता सोडलंत तर फाइल इथेच पडेल.

आपल्या विंडोजच्या संगणकावर चार खुणा बघायच्या.

पहिली, ओढायला लागलं की फाइलचं फिकट चित्र बाणासोबत चालतं. फाइल उचलली गेली, पण अजून जुन्या जागीच आहे.

दुसरी, ज्या फोल्डरवर आपण आलो त्याला रंग चढतो. शेजारच्या फोल्डरला रंग चढला असेल तर सोडू नका. आमचं इथेच चुकलं.

तिसरी, चित्राजवळ बारीक अक्षरं येतात. 'मूव्ह' असेल तर फाइल जुन्या जागेवरून हलणार. अधिकचं चिन्ह आणि 'कॉपी' असेल तर मूळ फाइल जागेवर राहून दुसरी प्रत होणार. एकाच ड्राइव्हमध्ये ओढलं तर फाइल हलते, पेनड्राइव्हवर ओढलं तर प्रत होते. प्रतच हवी असेल तर सोडेपर्यंत कंट्रोलचं बटण दाबून धरा.

चौथी, तिरकी रेघ मारलेला गोल दिसला तर तिथे फाइल ठेवता येत नाही.

मध्येच गोंधळ झाला तर माउसचं बटण न सोडता एस्केप दाबा. फाइल होती तिथेच राहते. चुकून सोडलीच, तर लगेच कंट्रोल धरून झेड दाबा.

मोबाइलवरही असंच. ॲपचं चित्र दाबून धरून ओढलं की बाकीची चित्रं सरकून जागा देतात. बऱ्याच फोनवर तेव्हा वर 'रिमूव्ह' आणि 'अनइन्स्टॉल' असे शब्द येतात. रिमूव्हवर सोडलं तर चित्र फक्त समोरून जातं. अनइन्स्टॉल केलं तर ॲपच फोनमधून जातं. बँकेचं ॲप असेल तर अक्षरं वाचल्याशिवाय बोट उचलू नका.

आमच्या सचिवताई आता मोठ्याने म्हणतात, "उचललं, रंग बघितला, अक्षरं वाचली, सोडलं." पुढच्या सभेत एक रिकामी फाइल घेऊन प्रत्येकीने हे करून बघा. हिशोबाच्या फाइलची प्रत मात्र आधी पेनड्राइव्हवर ठेवा. आणि फाइल दिसली नाही तर कोणा ताईकडे बोट दाखवण्याआधी शेजारचं फोल्डर उघडून बघा.