नाव हरवलेली मुलगी आणि पाण्यावरची रेल्वे

आज मी माझ्या एका आवडत्या जपानी दिग्दर्शकाबद्दल आणि त्याच्या सिनेमांतल्या संगीताबद्दल बोलणार आहे. दिग्दर्शकाचं नाव हायाओ मियाझाकी आणि संगीतकाराचं नाव जो हिसाइशी. नावं जरा अवघड आहेत. पण यांच्या सिनेमांत आजारी आई असते, धाकट्या बहिणीला पाठीवर घेणारी थोरली असते, राबणाऱ्या बायका असतात आणि घाणीनं भरलेली नदीही असते. म्हणजे आपल्याला ओळखीचं असं पुष्कळ काही.

मियाझाकींचा जन्म १९४१ सालचा, टोकियोचा. ते चित्रांचे सिनेमे करतात. आपण त्याला कार्टून म्हणतो आणि पोरांचं म्हणून सोडून देतो. तसं करू नका. त्यांच्या ‘स्पिरिटेड अवे’ या २००१ च्या सिनेमाला बर्लिनच्या महोत्सवात सर्वोच्च पारितोषिक मिळालं आणि २००३ मध्ये ऑस्करही मिळालं. आपल्या विनोबांना १९५८ मध्ये जो मॅगसेसे पुरस्कार मिळाला होता, तोच २०२४ मध्ये मियाझाकींना मिळाला.

ओळखीतल्या दहा वर्षांच्या मुलींसाठी म्हणून त्यांनी हा सिनेमा केला. यातली चिहिरोही दहाच वर्षांची आहे. आईवडिलांबरोबर नव्या गावी राहायला जाताना वाट चुकते. एका ओसाड बाजारात भरलेली ताटं दिसतात. आईवडील कोणाला न विचारता खायला बसतात आणि त्यांची डुकरं होतात. आता एकटी पडलेली चिहिरो जगणार कशी? तिथं देवांचं एक मोठं स्नानगृह असतं. यूबाबा नावाची चेटकीण त्याची मालकीण. काम मागितलं तरच तिथं राहता येतं.

काम मिळतं, पण करार करताना यूबाबा तिचं नाव काढून घेते. जपानी लिपीत ‘चिहिरो’ हे नाव दोन अक्षरांचं आहे. त्यातलं एक अक्षर यूबाबा कागदावरून उचलून घेते. उरलेल्या एका अक्षराचा उच्चार होतो ‘सेन’. अर्थ, हजार. आजपासून तू सेन! आपलं खरं नाव जो विसरला, त्याला तिथून सुटका नाही.

मैत्रिणींनो, हे पाहताना मला आपल्याकडच्या लग्नातलं तांदळाचं ताट आठवलं. त्या तांदळात नवरा अंगठीनं बायकोचं नवं नाव लिहितो. कोणाला ते हौसेचं वाटलं असेल, कोणाला आतून लागलं असेल. पण विचारलं किती जणींना? पुढं शाळेच्या दाखल्यावर एक नाव, रेशनकार्डावर दुसरं, आणि बँकेत खातं काढताना दोन्ही बायका एकच आहेत हे सिद्ध करत बसायचं. आपल्या बचत गटांत हा त्रास किती जणींनी काढलाय ते मी सांगायला नको.

आता गंमत ऐका. संगीतकार जो हिसाइशी यांचंही हे खरं नाव नाही. १९५० साली जन्मले तेव्हा ते मामोरू फुजिसावा होते. क्विन्सी जोन्स हे अमेरिकन संगीतकार त्यांना फार आवडायचे. त्या नावाला जपानी अक्षरांत बसवून त्यांनी स्वतःसाठी हे नाव घेतलं. त्यांचं नाव त्यांनी आपल्या खुशीनं बदललं, चिहिरोचं कामाच्या बदल्यात काढून घेतलं गेलं. नाव दोघांचंही बदललं, पण फरक केवढा!

या दोघांची जोडी १९८४ च्या ‘नौसिका’पासूनची. तेव्हापासून २०२३ च्या ‘द बॉय अँड द हेरॉन’पर्यंत मियाझाकींच्या अकराही मोठ्या सिनेमांचं संगीत हिसाइशींचंच आहे. ‘नौसिका’त एका लहान मुलीचा कोवळा आवाज ऐकू येतो. ती हिसाइशींची लेक, तेव्हा चार वर्षांची. यांची काम करायची रीतही वेगळी. साधारणपणे सिनेमा तयार झाला की त्यावर संगीत चढवतात. इथं बरेचदा सिनेमा पुरा व्हायच्या आधीच दिग्दर्शक चित्रं आणि गोष्टीचे मुद्दे देतो आणि त्यावरून संगीतकार धुना बांधतो. पुढं त्यांतलंच निवडून, बदलून सिनेमात येतं. त्यामुळं संगीत वरून चिकटवल्यासारखं वाटत नाही.

‘स्पिरिटेड अवे’मध्ये शेवटाकडे एक रेल्वे आहे. रूळ पाण्याखाली आणि चारी बाजूंना नुसतं पाणी. चिहिरो आपल्या मित्राचा जीव वाचवायला निघालीय आणि ही गाडी परत येत नाही. डब्यातले प्रवासी सावल्यांसारखे दिसतात. कोणी फारसं बोलत नाही. पियानोचे मोजके सूर हळूहळू पडत राहतात. रडवायला कोणी मागं लागत नाही, तरी डोळे भरतात. दोन गोष्टींच्या मधल्या मोकळ्या जागेला जपानीत ‘मा’ म्हणतात. दोन टाळ्यांच्या मधला वेळ म्हणजे ‘मा’, असं मियाझाकींनी एकदा टाळ्या वाजवून समजावलं होतं. दळताना एक ओवी संपून दुसरी सुरू होईपर्यंत नुसती जात्याची घरघर ऐकू यायची, ती आठवा. म्हणजे नेमकं कळेल.

१९८८ चा ‘माय नेबर तोतोरो’ हा तर पोरांना मांडीवर घेऊन बघायचा. सात्सुकी आणि मे या दोघी बहिणी वडिलांबरोबर खेड्यात राहायला येतात, कारण आई जवळच्या इस्पितळात आहे. मियाझाकींची स्वतःची आई मणक्याच्या क्षयानं कित्येक वर्षं अंथरुणाला खिळून होती. म्हणून असेल, थोरलीचं न बोलता घर सांभाळणं इतकं खरं उतरलंय. धाकटी मे तर आईला बरं वाटावं म्हणून शेतातलं मक्याचं कणीस उराशी धरून एकटीच इस्पितळाकडे निघते.

१९९७ च्या ‘प्रिन्सेस मोनोनोके’त लोखंड गाळायचं गाव आहे. तिथल्या बायका वेश्यावस्तीतून सोडवून आणलेल्या. त्या भट्टीचा मोठा भाता पायांनी दाबतात आणि एकसुरात गातात. हे श्रमाचं गाणं. दम टिकावा, पाय एका तालात पडावेत, म्हणून गायचं. पण याच गावासाठी जंगल तोडलं जातंय. बायकांची भाकरीही खरी आणि जंगलाचं मरणही खरं. दिग्दर्शक कोणा एकाला सोपा दोष देत नाही. या सिनेमात मारामारी आणि रक्त आहे, तेव्हा लहान मुलांना दाखवू नका.

आणि नदीचं राहिलंच. चिहिरोच्या स्नानगृहात एक पाहुणा येतो, चिखलानं माखलेला, वास असा की सगळे नाक धरतात. त्याच्या अंगात काहीतरी रुतलेलं चिहिरोला सापडतं. सगळे मिळून दोर ओढतात, तर आतून सायकल निघते आणि तिच्यामागून ढीगभर कचरा. तो निघतो नदीचा देव! नदीतून सायकल ओढून काढायचा अनुभव मियाझाकींनी स्वतः घेतला होता.

गटाच्या बैठकीनंतर कोणाच्या तरी मोबाइलवर किंवा टीव्हीवर यातला एखादा सिनेमा लावा. सुरुवात ‘तोतोरो’नं करा, तो सगळ्यात सोपा आहे. भाषा कळली नाही तर एकीनं गोष्ट सांगत जावी. रेल्वेचा प्रसंग मात्र कोणी न बोलता ऐकावा. आणि सिनेमा संपला की प्रत्येकीनं आपलं माहेरचं नाव सांगावं. शेजारी वीस वर्षं राहूनही ते आपल्याला माहीत नसतं. ज्यांच्या कागदांवर दोन नावं आहेत, त्यांची यादी त्याच दिवशी करून ठेवली तर पुढं बँकेच्या कामालाही उपयोगी पडेल.

बराय मैत्रिणींनो, येते.