पलावान : एका उष्णकटिबंधीय द्वीपप्रांताचा भूगोल, इतिहास आणि पर्यटन

प्रस्तावना

फिलिपीन्स हे सात हजारांहून अधिक बेटांचे राष्ट्र असून पलावान हा त्यातील क्षेत्रफळाने सर्वांत मोठा प्रांत होय. पर्यटनविषयक लेखनात या प्रांताचा परिचय बहुधा निळे पाणी व पांढरी वाळू एवढ्यापुरताच करून दिला जातो. वस्तुतः उत्तरेकडील पर्यटन आणि दक्षिणेकडील खाणकाम ही दोन्ही तेथील खडकांच्या रचनेची फळे आहेत. प्रस्तुत लेखात याच दृष्टीने पलावानचा भूगोल, इतिहास आणि आजची समस्या यांचे विवेचन केले आहे.

भौगोलिक रचना

पलावानचे मुख्य बेट नैऋत्य-ईशान्य दिशेने चारशे किलोमीटरहून अधिक लांब पसरले असून त्याची कमाल रुंदी सुमारे ४० किलोमीटर आहे. पश्चिमेस दक्षिण चीन समुद्र व पूर्वेस सुलू समुद्र आहे. बेटाच्या मध्यातून पर्वतरांग जाते. मान्तालिंगाहान (२,०८६ मीटर) हे तिचे सर्वोच्च शिखर होय.

उत्तर पलावानचा भूखंड पूर्वी दक्षिण चीनच्या खंडीय किनाऱ्याचा भाग होता. दक्षिण चीन समुद्र निर्माण होत असताना तो विलग होऊन दक्षिणेकडे सरकला. या भागात चुनखडकाचे मोठे थर आढळतात. याउलट मध्य व दक्षिण भागांत महासागरतळाचे व त्याखालील प्रावरणाचे खडक भूहालचालींमुळे वर ढकलले गेले आहेत. उष्ण व दमट हवामानात त्यांचे विदारण होऊन निकेलयुक्त जांभा तयार झाला.

जीवसृष्टीच्या बाबतीतही पलावान वेगळे ठरते. समुद्रपातळी खालावलेल्या काळात बोर्निओ व पलावान यांतील अंतर फारच कमी झाले होते. त्यामुळे येथील प्राणिजीवनाचे साम्य उर्वरित फिलिपीन्सपेक्षा बोर्निओशी अधिक आहे. थॉमस हक्सली यांनी १८६८ मध्ये मांडलेल्या जैवभौगोलिक सीमारेषेतही पलावान बोर्निओच्या बाजूस येते. एल निदोजवळील इल्ये गुहेत वाघाची जीवाश्म हाडे मिळाली आहेत.

ऐतिहासिक पार्श्वभूमी

१९६२ मध्ये रॉबर्ट फॉक्स यांच्या पथकाला ताबोन गुहांत मानवी अवशेष सापडले. त्यांपैकी एका हाडाचे वय अंदाजे ४७,००० वर्षे मानले जाते. याच परिसरातील मानुंगुल गुहेतून १९६४ मध्ये एक दफनकुंभ मिळाला. त्याच्या झाकणावर नावेतून परलोकी निघालेल्या दोन आकृती आहेत.

१५२१ मध्ये मॅगेलनच्या मृत्यूनंतर त्याच्या ताफ्यातील उपाशी खलाशांना येथे अन्न मिळाले. म्हणून पिगाफेत्ता याने आपल्या वृत्तान्तात या बेटाचा उल्लेख ‘वचनभूमी’ असा केला. दक्षिणेवर ब्रुनेई व सुलू येथील सुलतानांचा प्रभाव होता, तर स्पॅनिश सत्ता प्रामुख्याने उत्तरेकडील बेटांवर स्थिरावली. प्वेर्तो प्रिन्सेसा या शहराची स्थापना १८७२ मध्ये झाली. अमेरिकन राजवटीने १९०४ मध्ये शहराजवळील इवाहिग येथे कैद्यांची शेतीवसाहत वसविली. दुसऱ्या महायुद्धात, १४ डिसेंबर १९४४ रोजी, याच शहरात जपानी सैनिकांनी १३९ अमेरिकन युद्धकैद्यांची हत्या केली.

ताग्बानुआ व पलावान या मूळ जमातींच्या लिप्या ब्राह्मी कुळातील आहेत, ही बाब मराठी अभ्यासकांसाठी लक्षणीय ठरते. देवनागरीशी दूरचे नाते असलेल्या या लिप्यांची नोंद १९९९ मध्ये युनेस्कोच्या ‘जागतिक स्मृती’ सूचीत झाली.

प्रमुख पर्यटनस्थळे

सेंट पॉल पर्वताच्या चुनखडकातून वाहणारी प्वेर्तो प्रिन्सेसाची भूमिगत नदी सुमारे ८.२ किलोमीटर लांब असून ती थेट समुद्रास मिळते. तिच्या खालच्या भागात भरतीचे पाणी शिरते. १९९९ मध्ये तिचा परिसर जागतिक वारसास्थळ ठरला. सुलू समुद्रातील तुब्बाताहा प्रवाळक्षेत्रास हा दर्जा १९९३ मध्येच मिळाला होता. एल निदो या नावाचा अर्थ ‘घरटे’ असा आहे. तेथील चुनखडकाच्या कड्यांत पाकोळ्यांची खाद्य घरटी आढळतात. कोरोन बेटावरील ताग्बानुआंचा पारंपरिक भूमी व सागरी क्षेत्रावरील हक्क १९९८ मध्ये मान्य झाला, त्यामुळे तेथील सरोवरे व किनारे पाहावयास येणाऱ्यांच्या प्रवेशाविषयी या समाजाचे मत निर्णायक ठरते.

खाणकाम आणि संवर्धन

दक्षिणेकडील बातारासा भागात १९७० च्या दशकापासून निकेलचे उत्खनन होत आहे. गंजरोधक पोलाद आणि विद्युत वाहनांच्या बॅटऱ्या यांसाठी निकेल आवश्यक असते. खाणींमुळे रोजगार व महसूल मिळतो, हे नाकारता येत नाही. परंतु उत्खननासाठी डोंगरावरील वन व माती दूर करावी लागते. पावसाळ्यात लाल गाळ नद्यांवाटे भातशेती, खारफुटी व प्रवाळ यांपर्यंत पोहोचण्याचा धोका असतो. म्हणजेच स्वच्छ ऊर्जेची सामग्री मिळविताना मूळ निसर्गच धोक्यात येऊ शकतो.

यावर नियंत्रण ठेवण्यासाठी १९९२ मध्ये पलावानकरिता स्वतंत्र पर्यावरण कायदा करण्यात आला. त्यानुसार प्रांताचे संरक्षणाच्या श्रेणींनुसार विभाग पाडले जातात व गाभा क्षेत्रात सर्वाधिक कडक निर्बंध असतात. प्रांताचे तीन भाग करण्याचा प्रस्ताव १३ मार्च २०२१ च्या सार्वमतात फेटाळला गेला. त्यास १,२२,२२३ मते अनुकूल, तर १,७२,३०४ मते प्रतिकूल पडली. पुढे मार्च २०२५ मध्ये प्रांतिक शासनाने नव्या खाणअर्जांवर ५० वर्षांची स्थगिती लागू केली. तथापि आधीच परवाना मिळालेल्या खाणी तीमुळे बंद होत नाहीत.

निष्कर्ष

उत्तरेतील चुनखडक जागेवर राहिला तरच उत्पन्न देतो, दक्षिणेतील जांभा मात्र उकरल्यावरच देतो. पलावानमधील विकासविषयक वादाचे मूळ या भेदात आहे. एकट्या पर्यटनवाढीने हा प्रश्न सुटणार नाही, कारण पर्यटनाचा लाभ प्रामुख्याने उत्तरेस होतो. दक्षिणेतील रहिवाशांना खाणीव्यतिरिक्त उपजीविकेचे साधन मिळते की नाही, यावरच स्थगितीचे यश अवलंबून राहील.