फॉरमॅट मारायच्या आधी वायरी काढा

आजचा भाग आमच्या माळशिरसच्या घरच्या दुकानातला. काकांचं झेरॉक्स आणि ऑनलाइन फॉर्मचं दुकान आहे. २०२५ पासून अकरावीचे प्रवेश राज्यभर ऑनलाइन झाले, त्यामुळे त्या उन्हाळ्यात दुकानात पोरांची ही गर्दी! आणि नेमका तेव्हाच कॉम्प्युटर दिवसातून चार-पाच वेळा फटकन बंद पडायला लागला. एका मुलीचा फॉर्म तीनदा अर्ध्यावर गेला. शेवटची तारीख, तिच्या डोळ्यांत पाणी. शेवटी तो मी माझ्या मोबाईलवरून भरला.

मेकॅनिकने दोनदा फॉरमॅट मारला होता. दोन दिवसांत पुन्हा तेच. काका म्हणाले, "नवीनच घ्यावा लागतोय बघ." मी म्हटलं, "काका, एक दिवस द्या मला."

आता विचार करा. विंडोज नवी टाकूनही तेच होत असेल, तर संशय हार्डवेअरवर घ्यायचा. मग मशीन कसं बंद पडतंय ते बघायचं. एरर कोड दाखवून पडलं, तर रॅम, ड्रायव्हर किंवा जोडलेलं एखादं यंत्र. तो कोड मोबाईलवर फोटो काढून ठेवा. काहीच न सांगता लाइट गेल्यासारखं बंद झालं, तर आधी वीजपुरवठा आणि उष्णता तपासा. इव्हेंट व्ह्यूअरमध्ये 'कर्नल पॉवर ४१' दिसेल, पण त्याचा अर्थ एवढाच की मशीन नीट बंद झालं नाही. कारण तो सांगत नाही.

मे महिन्यात आपल्याकडे पारा चाळिशी ओलांडतो. म्हणून आधी प्लग काढून पंख्यातली धूळ साफ केली. तरी बंद पडलाच. मग प्रिंटर, स्कॅनर, अंगठ्याचं मशीन, वेबकॅम, सगळं काढलं. फक्त कीबोर्ड आणि माउस ठेवला. दुपारपर्यंत एकदाही बंद नाही! मग एकेक वस्तू जोडत गेलो, प्रत्येकीला अर्धा तास. यूएसबी हब लावला, त्याची वायर जरा हलली, आणि खटकन बंद. हबच्या पिना वाकून एकमेकींना टेकत होत्या. शॉर्ट झाला की पॉवर सप्लाय स्वतःला वाचवायला सगळंच बंद करत होता.

हसू नका, मोठ्यांचंही असं झालंय. २० एप्रिल १९९८ ला शिकागोत बिल गेट्ससमोर विंडोज ९८ दाखवताना स्कॅनर जोडला आणि भर स्टेजवर निळी स्क्रीन आली!

बाहेरचं सगळं काढूनही बंद पडत असेल, तर स्टार्टमध्ये 'विंडोज मेमरी डायग्नोस्टिक' शोधा, ते रॅम तपासतं. त्यातही काही सापडलं नाही, तर दुसरा चांगला पॉवर सप्लाय लावून बघायला सांगा. पण पॉवर सप्लायचा डबा स्वतः उघडू नका, प्लग काढल्यावरही आत करंट साठलेला असतो.

लक्षात काय ठेवायचं? एका वेळी एकच गोष्ट बदला. दोन बदलल्या, तर कशामुळे सुधारलं ते कळत नाही. आणि फॉरमॅट सगळ्यात शेवटी, कारण त्यात डेटा जातो.

काकांनी नवा कॉम्प्युटर घेतला नाही. हब तेवढा कचऱ्यात गेला. तुमचं मशीन कशामुळे बंद पडतंय, व्हॉइस नोट पाठवून सांगा. भेटू पुढच्या भागात!