चाळीस सेंटिमीटरची ‘बंगाल’

वीकेण्डला मॉल आणि मल्टिप्लेक्सचा कंटाळा आलाय? मग घरातल्या एखाद्या गोष्टीचं स्केल मॉडेल करून बघा. माझं सध्या तेच चाललंय. जहाज आहे ‘एचएमआयएस बंगाल’. रत्नागिरीहून रॉयल इंडियन नेव्हीत गेलेले माझे पणजोबा, म्हणजे आबा, तिच्यावर स्टोकर होते.

स्टोरी एकदम फिल्मी. 11 नोव्हेंबर 1942. हिंदी महासागरात चिमुकली ‘बंगाल’ ‘ओंदिना’ या डच टँकरला सोबत करत होती. समोर आली ‘होकोकू मारू’ आणि ‘आइकोकू मारू’ ही दोन बडी जपानी जहाजं. ‘बंगाल’ची मुख्य तोफ एकच, 12 पाउंडर. तरी ती पळाली नाही, थेट अंगावर गेली. बुडाली ‘होकोकू मारू’! ‘बंगाल’ दिएगो गार्सियाला आणि ‘ओंदिना’ फ्रीमँटलला पोहोचली.

या गोष्टीचं वजन मला फूटपट्टीनं कळलं. 1:144 स्केलला ‘बंगाल’ सुमारे 40 सेंटिमीटर भरते. ‘होकोकू मारू’ करायची तर मीटरभराहून लांब, माझ्या टेबलाबाहेर जाईल. आणि माणूस? जेमतेम 12 मिलीमीटर.

जहाजाचं मॉडेल दोन प्रकारे करतात. ‘वॉटरलाइन’मध्ये पाण्याच्या वरचाच भाग, ‘फुल हल’मध्ये तळासकट सगळं. मी सोपं म्हणून वॉटरलाइन ठरवलं होतं. ड्रॉइंग बघून आजी म्हणाली, “मग यात आबा कुठे गं?”

स्टोकर खाली, बॉयलरपाशी. “त्यांना लढाई दिसलीच नाही कधी. नुसती ऐकू आली,” आजीनं सांगितलं. घरात मात्र आम्ही सगळे त्यांना तोफेपाशीच उभे करत आलो. मॉडेल आता फुल हल आहे.

ट्राय करायचंय?

• या वर्गाची 60 जहाजं ऑस्ट्रेलियात बांधली गेली, त्यातली 4 आपल्या नौदलासाठी. ‘कॅसलमेन’ हे जहाज मेलबर्नजवळ विल्यम्सटाउनला जपलंय. मापांसाठी त्याचे फोटो उपयोगी.
• सांगाड्याला स्टायरीन शीट घ्या. आर्किटेक्चरचं सामान विकणाऱ्या दुकानात मिळते.
• तोफेच्या नळीला इंजेक्शनची बोथट केलेली सुई झकास.
• पॉलिश पेपर मारताना मास्क लावा, रंगवताना खिडक्या उघडा.

आणि कटर हातात घेण्याआधी घरातल्या मोठ्यांना विचारा : आपला माणूस जहाजावर नेमका कुठे होता?