वाइनविश्वातील रहस्यकथा

वाइनविश्वातील रहस्यकथा हा 'कोझी मिस्टरी' या सौम्य रहस्यकथाप्रकाराचा एक उपप्रकार आहे. द्राक्षमळा, वाइननिर्मितीचा कारखाना किंवा वाइन साठवण्याचे तळघर हे या कथांचे घटनास्थळ असते. गुन्ह्याची उकल पोलीस अधिकारी नव्हे, तर वाइनची जाण असलेली सामान्य व्यक्ती करते. इ.स. २००० नंतर अमेरिका व फ्रान्समध्ये या प्रकारातील अनेक कादंबरीमालिका प्रसिद्ध झाल्या.

कोझी मिस्टरीचे स्वरूप

या प्रकारात खून होतो, पण हिंसेचे तपशीलवार वर्णन नसते. परस्परांना ओळखणाऱ्या माणसांची लहान वस्ती, मोजके संशयित आणि अखेरीस पूर्ववत होणारे जनजीवन ही त्याची लक्षणे होत. अगाथा ख्रिस्ती यांची मिस मार्पल ही या परंपरेतील आदर्श नायिका मानली जाते. तिची पहिली कादंबरी 'द मर्डर ॲट द व्हिकरेज' १९३० साली प्रसिद्ध झाली. या साहित्यासाठी अमेरिकेत १९८९ पासून 'मॅलिस डोमेस्टिक' हे संमेलन भरते आणि त्यात 'अगाथा' पुरस्कार दिले जातात.

पूर्वपरंपरा

एडगर ॲलन पो यांच्या 'द कास्क ऑफ अमाँटिलाडो' (१८४६) या कथेत दुर्मीळ वाइनचे आमिष दाखवून सूड उगवला जातो; मात्र ती सूडकथा आहे, शोधकथा नव्हे. डोरोथी सेयर्स यांच्या 'लॉर्ड पीटर व्ह्यूज द बॉडी' (१९२८) या संग्रहातील एका कथेत खरा लॉर्ड पीटर कोण आणि तोतया कोण, याचा निर्णय वाइनची चव ओळखण्याच्या परीक्षेतून होतो. चव हाच पुरावा ठरण्याचे हे लक्षणीय उदाहरण होय.

प्रमुख मालिका

अमेरिकन लेखिका एलेन क्रॉस्बी यांची मालिका 'द मर्लो मर्डर्स' (२००६) या कादंबरीने सुरू झाली. वडिलांच्या मृत्यूनंतर ल्युसी माँटगोमेरी फ्रान्सहून व्हर्जिनियातील घरी परतते. भावाला कौटुंबिक द्राक्षमळा विकायचा असतो. मृत्यू अपघाती होता का, हा प्रश्न आणि मळा राखण्याचा संघर्ष येथे एकमेकांत गुंततात. फ्रान्समध्ये झाँ-प्येर अलो व नोएल बालें यांच्या कादंबऱ्यांत वाइनतज्ज्ञ बेंजामिन कुकर शोध घेतो. त्यांवर दूरचित्रवाणी मालिकाही निघाली.

कथानकातील वाइनचे स्थान

वाइन ही येथे केवळ सजावट नसते. गुन्ह्याचा हेतू, साधन आणि पुरावा तिच्याच व्यवसायातून येतात. वेल लावल्यापासून उपयुक्त पीक येईपर्यंत साधारण तीन वर्षे जातात. त्यामुळे जमीन विकणे म्हणजे वर्षांची मेहनत गमावणे, आणि वारसाहक्काचा वाद तीव्र होतो. किण्वनात कार्बन डायऑक्साइड वायू निर्माण होतो. तो रंगहीन, गंधहीन व हवेपेक्षा जड असल्याने टाकीत साचतो आणि आत उतरलेली व्यक्ती गुदमरून मरण पावू शकते. हा या उद्योगातील खरा धोका आहे. म्हणूनच कथेत अपघात की घातपात, हा संशय स्वाभाविक वाटतो. बनावट वाइनही काल्पनिक नाही. अमेरिकेत रूडी कुर्नियावान याला बनावट दुर्मीळ वाइन विकल्याबद्दल २०१४ साली दहा वर्षांच्या कारावासाची शिक्षा झाली. अशा प्रकरणांत लेबल, बूच व काच यांची पारख करणारा जाणकारच शोधकाची भूमिका बजावतो.

मराठी संदर्भ

मराठी रहस्यकथेची लोकप्रिय धारा निराळी आहे. बाबूराव अर्नाळकरांचे धनंजय, झुंजार व काळापहाड हे नायक साहसी आहेत. त्यांच्या कथांत पाठलाग, वेषांतर व झटापटी यांना महत्त्व आहे. भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे हा हौशी शोधक असल्याने कोझी परंपरेला काहीसा जवळचा वाटतो, तरी त्याच्याही कथा प्रामुख्याने साहसकथाच आहेत.

या उपप्रकाराला लागणारी पार्श्वभूमी मात्र महाराष्ट्रात आहे. नारायणगाव व नाशिक परिसरात वाइन उद्योग रुजला आणि राज्य शासनाने २००१ मध्ये द्राक्षप्रक्रिया उद्योगासाठी धोरण जाहीर केले. युरोपात द्राक्षतोडणी शरद ऋतूत होते, तर नाशिककडे वाइनच्या द्राक्षांची तोडणी प्रामुख्याने जानेवारी ते मार्चमध्ये होते. त्यामुळे पाश्चात्त्य कादंबऱ्यांतील हंगामाचे वेळापत्रक येथील कथेला जसेच्या तसे लागू पडत नाही.

आक्षेप

मृत्यूला हलकेफुलके रूप दिल्याचा आणि मळेमालकांच्या सुखवस्तू जीवनापुढे मजुरांना दुय्यम स्थान दिल्याचा आक्षेप या प्रकारावर घेता येतो. याउलट, अपरिचित व्यवसायाची कार्यपद्धती रंजकपणे समजावून देणे हे त्याचे बलस्थान आहे.